बोटीवरचे बारा दिवस

या समूहावर बडोद्याच्या जुन्या घरांच्या, सुरसागरच्या, दांडिया बाजारातल्या गणपतींच्या आठवणी पुष्कळ आल्या. माझी गोष्ट जरा लांबची आहे, विलायतेतली. पण ती शेवटी घरीच येते, म्हणून लिहितो.

आमचे आजोबा सयाजीरावांच्या काळात कारकुनीला आले आणि बडोद्याचेच झाले. पाण्याशी आमच्या घराण्याचा संबंध म्हणजे संध्याकाळी सुरसागरच्या काठाने एक फेरी मारायची, एवढाच. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर काढली. कुणी घराची पहिली चावी घेतली की पेढे माझ्या टेबलावर यायचे.

त्यामुळे सहा वर्षांपूर्वी चिरंजीवांचा साउदॅम्प्टनहून फोन आला, "बाबा, फ्लॅट विकला. आम्ही चौतीस फुटांची शिडाची बोट घेतलीय, आता तिच्यातच राहणार," तेव्हा मला तीन रात्री झोप लागली नाही. घर ही वाढणारी मालमत्ता, बोट ही घसाऱ्याची. कुठल्याही बी.कॉम.वाल्याला विचारा!

मी विचारलं, "तुम्हा दोघांना बोट चालवता तरी येते का?"

"नाही. राहता राहता शिकू."

"हे आपल्या लोकांचं काम नव्हे," असं मी म्हणालो. त्यावर त्याने दिलीप दोंदे यांचं नाव घेतलं. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' बोटीतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मी म्हटलं, "ते नौदलाचे अधिकारी. तू कॉम्प्युटरवाला." आणि फोन ठेवला. पुढे दोन वर्षं बोटीचा विषय तो आईशीच बोलायचा.

शेवटी हिच्या हट्टामुळे आम्ही गेलो. हॅम्बल नावाची नदी साउदॅम्प्टनच्या खाडीला मिळते, तिथे त्यांची बोट. डोलकाठ्यांचं रानच जणू! आत उतरायला चार पायऱ्या. खाली डाव्या हाताला स्वयंपाक, उजव्या हाताला नकाशांचं टेबल, पुढे टोकाला झोपायची जागा. शेगडी झुलती, बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. हिने त्याच शेगडीवर शेव-उसळ केली. पाण्याची टाकी भरून आणायची, म्हणून भांडी विसळताना नळाची धार सुतासारखी. संडासला हाताने पंप मारायचा. रात्री दोऱ्या डोलकाठीवर टकटक वाजतात. पहिल्या रात्री मला वाटलं, कुणी दार ठोठावतंय.

दोघं शिकली कशी, तर आधी पाच दिवसांचा वर्ग, मग पुढचा पाच दिवसांचा, आणि बाकी सगळं चुका करून. तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय कुणी दोरी सोडत नाही. उधाणाला पाणी चारेक मीटर चढतं-उतरतं. त्या समुद्राच्या मध्ये ब्रॅम्बल नावाची वाळूची पट्टी आहे. मोठ्या ओहोटीला ती तासाभरासाठी उघडी पडते आणि वर्षातून एकदा दोन क्लबांची मंडळी तिच्यावर क्रिकेट खेळून घेतात. २००८ साली क्यूई-२ सारखं अवाढव्य जहाज तिथेच रुतलं होतं. सूनबाई इंदूरची, माहेरी तिनेही समुद्र कधी बघितला नव्हता. ती हे सगळं अशी सांगत होती, जशी सराफ्यातली दुकानं सांगावीत.

आता मूळ मुद्दा. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरकं जायचं, मग वळायचं, पुन्हा तिरकं. वळताना एकाच्या हाती सुकाणू, दुसऱ्याच्या हाती पुढच्या शिडाच्या दोऱ्या. एका बाजूची सोडायची, दुसऱ्या बाजूची ओढायची. म्हणून वळण्याआधी सुकाणूवाला विचारतो, "तयार?" दुसऱ्याने "तयार" म्हटल्याशिवाय वळायचं नाही. वर्गात हे इंग्रजीत शिकवतात, या दोघांनी मराठी करून घेतलं. पहिल्या वर्षी चिरंजीवांनी एकदा घाईत न विचारताच बोट फिरवली. शिडाखालचा आडवा दांडा सपकन आला आणि सूनबाईच्या खांद्याला लागला. महिनाभर हात वर होत नव्हता. तेव्हापासून नियम मोडला नाही म्हणे.

आठव्या दिवशी आम्ही चौघं बाहेर पडलो. कंटेनरची जहाजं तिथून जातात, काही चारशे मीटर लांबीची. त्यांच्या पुढे हजार मीटरच्या आत छोट्या बोटींनी यायचं नाही, असा कायदा आहे. असंच एक जहाज लांबून वळणावर दिसलं. त्याच्यापुढे बंदराची गस्तीची बोटही येत होती. आम्हाला वळायला हवं होतं.

"तयार?" चिरंजीवांनी विचारलं.

"नाही!" सूनबाई म्हणाली. दोरी चक्रावर गुंतली होती.

मंडळी, माझ्या तोंडात शब्द आले होते, "अगं, आटप ना!" माझ्या मुलाने काय केलं? काहीच नाही. सुकाणू होतं तसं धरून ठेवलं. आवाज चढवला नाही, तिच्या हातातली दोरी ओढली नाही. ती एकेक वेढा सोडवत होती. पंधरा-वीस सेकंदच असतील, पण मला ते ऑडिटच्या दिवसासारखे लांबले. मग ती म्हणाली, "तयार." बोट वळली. जहाज आपल्या वाटेने गेलं, आणि चांगलं लांबून गेलं.

संध्याकाळी ही आणि मी वर बसलो होतो. मी म्हटलं, "पोरगा शांत आहे हो. कुणावर गेला कोण जाणे."

ही बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "१९८४ साली तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी 'तयार'च म्हटलं असतं."

मला संदर्भ विचारावा लागला नाही. त्या साली मला बढती मिळाली आणि बदली अमरेलीला झाली. ही तेव्हा बडोद्यात मराठी शाळेत शिकवत होती. मी होकाराचं पत्र बँकेत देऊन घरी आलो आणि जेवताना सांगितलं. हिने महिनाअखेर राजीनामा दिला. नंतर पुन्हा कधी नोकरी केली नाही. त्यावर आमचं भांडणही झालं नाही, म्हणून मी समजत होतो की हिशेब मिटला.

बँकेत एका सहीवर पैसा हलत नाही. एकाने व्हाउचर करायचं, दुसऱ्याने तपासून पास करायचं. मी सदतीस वर्षं हा नियम पाळला, दुसऱ्यांकडून पाळून घेतला. घरी मात्र सगळी व्हाउचरं मीच केली आणि मीच पास केली.

मी हिला म्हटलं, "चुकलं माझं." ही म्हणाली, "थंडी वाजतेय, खाली चला."

परत आल्यावर एक बिल्डर भेटायला आला. आमचं जुनं घर पाडून फ्लॅट बांधायचा त्याचा प्रस्ताव, आकडा चांगला. जाण्यापूर्वी मी त्याला जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. आता त्याला म्हटलं, "थांबा, सांगतो." रात्री आम्ही दोघं हिंचक्यावर बसलो होतो. मी हिच्याकडे बघून विचारलं, "तयार?"

आधी ती हसली. मग अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाली, "नाही. अजून नाही."

तो कागद सात महिने खणात पडून आहे. बिल्डरचा दर महिन्याला फोन येतो, मी सांगतो, "घरातून अजून सही व्हायची आहे." त्याला वाटतं मी भाव वाढवतोय.

आणि हो, बोटीवर घसारा आहेच. तो मी अजूनही मनात मोजतो, पण चिरंजीवांना ऐकवत नाही. रविवारी फोन आला की आता मीच आधी विचारतो, "काय रे, वारा कुठला?"

चूकभूल देणे-घेणे.