यादीतलं नाव

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईला नावं नीट लिहायची सवय जडते. हजेरीपटावर मी 'मेहरुन्निसा' लिहिते. तीच मुलगी मोठी होऊन मतदारयादीत येते तेव्हा 'मेहरूनिसा' होते, नाहीतर 'मैरूनबी'. आधारवर तिसरंच काहीतरी. लग्न झालं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, की गोंधळ पुरा होतो.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मला मतदान केंद्रावर ड्यूटी होती. पहाटे साडेपाचला प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान, मग ती मतं पुसून सातला सुरुवात. यादीत नाव शोधायचं आणि ओळख पटवायची, हे माझं काम. बुरख्यातल्या बायकांसाठी कोपऱ्यात आडोसा केला होता. चेहरा फक्त मला, बाईला, दाखवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. पण कित्येकजणी आत येताना घाबरलेल्या. तिथं सगळ्यांदेखत नकाब काढायला लावतात, असं घरी ऐकलेलं. पुरुष चौकशी न करताच असं सांगतात की बायका घरी बसलेल्या बऱ्या वाटतात, कोण जाणे.

दुपारी साठीतल्या एक खाला आल्या. कार्डावर एक नाव, यादीत दुसरं. एका प्रतिनिधीनं हरकत घेतली. खालांचा चेहरा उतरला. "मेरा नाम कटा क्या, बाजी?" मी केंद्राध्यक्षांना बोलावलं. १९६१ च्या निवडणूक नियमांत स्पष्ट आहे : माणूस तोच असल्याची खात्री पटली, तर लेखनाच्या वा छपाईच्या चुकांकडे दुर्लक्ष करायचं. त्यांनी फोटो, वय, नवऱ्याचं नाव ताडून पाहिलं आणि खालांना पुढं पाठवलं. प्रतिनिधीला रीतसर आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये अनामत भरावे लागतात. त्यानं खिशात हात घातला नाही. खालांच्या डाव्या तर्जनीला शाई लागली, मशीनचा आवाज आला. कागदाची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. ती पाहूनच त्या बाहेर आल्या.

खाला आतपर्यंत पोचल्या म्हणून हे झालं. बाहेर पक्षाच्या टेबलावरचा पोरगा "नाम नहीं जुळता" म्हणाला की बायका परत फिरतात. त्याला कसलाही अधिकार नाही. त्याची चिठ्ठी अनुक्रमांक सापडायला सोयीची, एवढंच. ती ओळखपत्र नव्हे. रेशनकार्डही चालत नाही, आणि आमच्याकडे नेमकं तेच घेऊन येतात. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, लायसन, फोटोचं बँक पासबुक, यांतलं एक पुरतं. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तरी परतायचं नाही. केंद्राध्यक्ष चार प्रश्न विचारतात, खात्री पटली की छापील मतपत्रिका देतात. तिला प्रदत्त मत म्हणतात. सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाचं मत घेतलं जातं, मग कितीही रात्र होवो.

माझं स्वतःचं मत टपाली. ड्यूटीवरच्या मास्तरांची ही गंमतच!

त्यानंतरच्या मातापालक सभेत मी मतदार कार्डं आणायला सांगितली. नाव दुरुस्तीचा नमुना ८ सोबत ठेवला होता. सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचली. नऊजणींच्या नावात चूक निघाली. सातजणींनी तिथंच फॉर्म भरले. दोघींनी कोरा फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला, म्हणाल्या, "घर में पूछ के लाती."