श्नाके, म्यूके आणि आपला डास

शब्दकोश हा ग्रंथजातीतील मोठा सभ्य गृहस्थ होय. तो विचारल्यावाचून बोलत नाही आणि विचारले असता एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होतो. परंतु त्या एका ओळीच्या भरवशावर परमुलखात बिऱ्हाड मांडणाऱ्यावर काय प्रसंग ओढवतो, हे आम्हांस एका यःकश्चित् डासाने शिकविले.

आमची कन्या विद्याभ्यासासाठी जर्मनीत, ऱ्हाईनकाठच्या कार्ल्सरूहे शहरी राहते. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या आजीबाईंनी तिला बजावले, 'तिन्हीसांजेस खिडकी लावून घे बाई, श्नाके फार आहेत.' मुलीने कोश उघडला. त्यात श्नाके म्हणजे लांब तंगड्यांचा, न चावणारा एक कीटक. अशा निरुपद्रवी पाहुण्याला दार कशास बंद करावे, म्हणून ती खुशाल निजली. पहाटे पाहते तो अंगभर गांधी उठलेल्या!

आता गंमत अशी की, कोशही खोटे बोलला नव्हता आणि आजीबाईही नाहीत. प्रमाण जर्मन भाषेत चावणाऱ्या डासास 'म्यूके', किंवा अधिक नेमके बोलायचे तर 'श्टेखम्यूके', म्हणजे डंख करणारी म्यूके, म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञांची श्नाके निराळी. ती टिपुलिडी कुळातली, आणि तिला चावताच येत नाही. परंतु नैर्ऋत्य जर्मनीतील लोक चावणाऱ्या डासासच श्नाके म्हणत आले आहेत. तेथील गावांनी डासांच्या निर्मूलनासाठी 1976 साली जी संयुक्त संस्था स्थापिली, तिच्या नावातसुद्धा श्नाकेच आहे! ऑस्ट्रियात जावे तर तोच प्राणी 'गेल्झे' होतो आणि त्याच्या दंशाने उठलेली गांध 'गेल्झेनडिपेल' होते. काही प्रांतांत तर म्यूके म्हणजे घरातली साधी माशी. जर्मन लोक म्यूकेचा हत्ती करतात. आपण राईचा पर्वत करतो. पण मुळात म्यूके कोणती, यावरच त्यांचे एकमत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे, असे वाचकांनी समजू नये. नावाच्या घोटाळ्यात एका निरपराध जीवाचा बळी जातो. दिव्याच्या ओढीने घरात शिरलेली ती लंबटांगी श्नाके 'केवढा हा डास!' म्हणून चपलेखाली चिरडली जाते. दुसऱ्या बाजूने पाहावे तर खऱ्या अपराध्याची ओळख अचूक पटणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादेस हिवतापाचे जंतू सापडले, ते अ‍ॅनोफिलीस या विशिष्ट जातीच्या डासात. वाटेल त्या डासात नव्हेत. जर्मनीतही 2007 पासून डेंग्यूचा प्रसार करू शकणारी 'टिगरम्यूके', म्हणजे पट्टेरी डास, आढळू लागली आहे. 'डास आहेत' एवढे सांगून आता भागत नाही, 'कोणते?' हे विचारावे लागते.

आम्ही पुष्कळ वर्षे इंग्रजी शिकवीत आलो. 'सर, याला मराठीत नेमका शब्द कोणता?' असे विद्यार्थी विचारतात, आणि उत्तरादाखल एकच शब्द मिळाला म्हणजे त्यांचे समाधान होते. वस्तुतः आपल्या घरीही तोच प्रकार आहे. पुण्याचा डास नागपुराकडे सर्रास मच्छर होतो. चिलटे आणि घुंगुरटी यांतला भेद सांगा म्हटले, तर आमच्यासारखे पदवीधर घुटमळतात, आणि शेतावरची म्हातारी मात्र चटकन सांगते.

'डास' हा शब्द संस्कृत 'दंश' शब्दापासून आला. आपल्या पूर्वजांनी त्या प्राण्याच्या कृत्यावरूनच त्याचे नाव ठेविले, म्हणून निदान त्या नावाखाली न चावणाऱ्याची भरती होण्याचे भय कमी. तरीसुद्धा आमचे मत असे की, परकी भाषा शिकणाऱ्याने कोश उशाशी जरूर ठेवावा, परंतु शब्दाचा अर्थ त्या गावच्या माणसांस विचारावा. आणि ती खिडकी लावा म्हणाली, तर व्युत्पत्तीचा विचार खिडकी लावून मग करावा.