जोडीचे मग

सुटा मग चाकावर उठवणं वेगळं आणि जोडी करणं वेगळं, हे मला वारज्यातल्या स्टुडिओत कळलं. पॉप्युलर नगरच्या बाजूला, एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये ताईंची चाकं आहेत. हायवेची घरघर दिवसभर कानावर असते. गोळा मधोमध बसेपर्यंतच ती जाणवते.

"आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा, असं करायचं नाही हं," ताईंनी आधीच बजावलं. "रोजचा हात वेगळा असतो. दोन्ही एका बैठकीत." म्हणून एकाच पिशवीतली माती एकत्र मळली आणि वजनकाट्यावर चारचारशे ग्रॅमचे गोळे केले. पहिला मग झाल्यावर त्याचं तोंड आणि बूड कॅलिपरने मोजलं, उंचीएवढी बांबूची काडी मापून चाकाशेजारी मातीत रोवली. दुसऱ्याचा काठ काडीच्या टोकाशी आला की थांबायचं. पोटाची गोलाई मात्र कुठल्याही काडीने मोजता येत नाही. ती आतल्या बोटांनीच लक्षात ठेवावी लागते, आणि मला या कामात सगळ्यात आवडतं ते हेच.

कुंभारवाड्यातला माठ कमी आचेवर भाजलेला असतो. तो झिरपतो म्हणून तर पाणी गार राहतं. चहाच्या मगाला झिरपून चालत नाही, त्यासाठी स्टोनवेअरची माती लागते. ती १२०० अंशांच्या वर घट्ट होते आणि वाळून-भाजून साधारण १२ टक्के आटते. दहा सेंटिमीटरचा ओला मग पावणेनऊचा होऊन हातात येतो. कानाचंही तसंच, आणि हे मग ज्यांच्यासाठी होते त्यांच्या बाबतीत सगळं कानावरच अडलेलं होतं.

आईच्या बोटांचे सांधे संधिवाताने सुजलेत. नेहमीच्या कपाच्या कानात तिचं एकच बोट जातं, भरलेला कप उचलताना दुसरा हात खाली धरावा लागतो. तिच्या मगाला मोठा कान आणि बाबांच्या मगाला साधा, असं माझ्या मनात होतं. ताई म्हणाल्या, "मग ती जोडी कसली? बाबांना मोठ्या कानाचा त्रास होणारे का?" नव्हताच होणार. दोन्ही कान आईच्या मापाचे करायचे ठरले, चार बोटं सहज जातील असे, वर आटण्याचा हिशोब धरून.

कान ओढताना मातीचा लांबट गोळा एका हातात उभा धरायचा आणि दुसऱ्या ओल्या हाताने, गाईची धार काढावी तसा, खाली ओढत न्यायचा. एका गोळ्यातून दोन्ही कान काढले. मग चामड्याइतके वाळल्यावर जोडाची जागा सुईने खरवडली, पातळ चिखल लावला, कान दाबून बसवले. दिवस श्रावणातले. दमट हवेत मगाचं अंग लवकर वाळेना आणि बारीक कान मात्र पुढे पळत होता. असं झालं की जोडापाशी चीर पडते. म्हणून नुसत्या कानांना प्लास्टिकची पट्टी गुंडाळून ठेवली.

ग्लेझ लोहाच्या ऑक्साइडचं, मधासारखं तपकिरी. ताईंच्या फळीवर निर्मला पटवर्धनांचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' असतं. स्टुडिओ पॉटरी करणाऱ्यांसाठी या बाईंनी केवढं काम करून ठेवलंय! थर जाड झाला की रंग काळपट होतो, म्हणून दोन्ही मग तितकेच आकडे मोजून बुडवले. भट्टीत वरखाली आच सारखी नसते, तेव्हा एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवले.

बाबांनी दोन्ही उलटे करून बुडं न्याहाळली. "यातला माझा कुठला गं?"

"कुठलाही घ्या."

आईने चारही बोटं कानात घालून एका हाताने मग उचलून पाहिला. "रिकामा बराय. भरल्यावर बघू," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.