सोसायटीचा जिना

जुनी इमारत दुरुस्तीला घेतली की मी सगळ्यात आधी जिना पाहते. दादरच्या एका सोसायटीत पहिल्यांदा गेले तेव्हा भर पावसाळा होता, बाहेर अंधारून आलं होतं. तरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येत होतं. पायरी जेमतेम सहा इंच उंच आणि पाऊल टेकायला जवळजवळ फूटभर जागा. सागवानी कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. वळणावर खिडकीखाली दगडी बाक. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी तिथे टेकवायच्या, दोन मिनिटं बसायच्या आणि मग उरलेल्या पायऱ्या चढायच्या.

ही इमारत 1930 च्या दशकातली, पण तिची कुळकथा गावदेवीत सुरू होते. 1904 चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांनाही वाट मोकळी करून दिली आणि तीनच वर्षांत, 1915 साली, रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. भाडेकरूंनीच भागीदार व्हायचं, ही त्यामागची कल्पना. सभासदाने शेअर घ्यायचे, इमारत संस्थेची, आणि आपल्याच संस्थेला भाडं भरून तिथे राहायचं. भिंत कुणा एकाच्या मालकीची नसायची. विकण्यासाठी बांधणारा दाराच्या आतले चौरस फूट मोजतो. राहणारेच बांधणारे असले की पैसा जिन्यावर, गॅलरीवर, गच्चीवरही खर्च होतो. दादरचा तो बाक मला याच हिशेबातला वाटतो.

उजेडाचं श्रेय मात्र प्लेगच्या धास्तीला द्यावं लागेल. 1896 ची साथ आली, दाटीवाटीच्या काळोख्या खोल्यांकडे बोट दाखवलं गेलं आणि 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्याचीच. ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला होता: भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर पाहिलं तर समोरची इमारत आड येता कामा नये. साध्या भाषेत, समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळी जागा हवी.

आतली नवलाई म्हणजे 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक'. चाळीत मजल्याच्या टोकाला सामाईक संडास असे. इथे स्वयंपाकघर, न्हाणी, संडास सगळं एकाच दाराआड आलं. सोवळं पाळणाऱ्या घरांना ते पचवणं जड गेलं. म्हणून बऱ्याच इमारतींत संडास मागच्या गॅलरीच्या टोकाला ढकललेला दिसतो आणि त्याला लागून लोखंडी गोल जिना, सफाई कामगारांनी पुढच्या जिन्यावर पाऊल ठेवू नये म्हणून. या इमारतींबद्दल प्रेमाने लिहिताना हा जिना वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो अरुंद आहे, उभा आहे, आणि त्याला छप्परही नाही. मोजणीच्या नकाशात मी तो पायरीन् पायरी काढते.

दुरुस्तीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. सुरुवातीच्या एका कामात ओल थांबवायला चुन्यातल्या विटांच्या भिंतीवर मी सिमेंटचा गिलावा करवला. चुना ओल घेतो तशी सोडतोही. सिमेंट ती कोंडून ठेवतं. दोन पावसाळ्यांत आतून खार फुटला, पोपडे पडले. दादरला आम्ही हातोडीने भिंत ठोकत गेलो, पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण केली आणि मागे कुणीतरी केलेला सिमेंटचा थर उतरवला. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळायला चार महिने लागले. खर्च वाढला, सोसायटीच्या सभेत तीन तास वाद झाला. शेवटी ठराव मंजूर झाला तो काकूंच्या आग्रहामुळे.

सळ्या गंजून काँक्रीट फुटलेल्या घरात माणसांनी जीव मुठीत धरून राहावं, असं मी म्हणणार नाही. काही इमारती पाडाव्याच लागतील. पण तुमची सोसायटी त्या काळातली असेल तर पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी ऑफिसातलं कपाट उघडा. मंजूर झालेला निळा नकाशा, पहिल्या सभांची इतिवृत्तं, जुनी शेअर सर्टिफिकेटं रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्या प्रती काढून ठेवा. एखाद्या आर्किटेक्टकडून इमारत मोजून घ्या, मागच्या जिन्यासकट. आणि नव्या इमारतीचा नकाशा समोर आला की कार्पेट एरियाच्या आधी बिल्डरला विचारा, जिन्याला खिडकी कुठे आहे?