मोल्सवर्थचं गाव

‘मोल्सवर्थ काढ बरं,’ हे वाक्य कोल्हापूरच्या आमच्या घरात ‘पाणी आण’ इतक्याच सहज म्हटलं जाई. शुभदा-सारस्वतने 1975 मध्ये त्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशाचं पुनर्मुद्रण काढलं आणि दादांनी ते पगाराच्या दिवशी घरी आणलं. दादा हायस्कुलात मराठी शिकवायचे. कोश एवढा जड की मांडीवर घेऊन वाचायची सोय नाही. पाटावर ठेवायचा आणि समोर बसायचं. पंचांग, ज्ञानेश्वरी, मोल्सवर्थ अशी ती रांग होती. हे कुणा माणसाचं आडनाव असेल, असं त्या वयात माझ्या मनातही आलं नाही.

कोशात बहुतेक शब्दांपुढे एखादं रोमन अक्षर असे. एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फार्सी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्तानी. दादांना या अक्षरांचा भारी नाद. जेवताना अचानक विचारायचे, ‘दप्तर कुठलं?’ आम्ही भावंडं ओरडायचो, ‘फार्सी!’ ‘तारीख?’ ‘अरबी!’ चुकलं तर पानावरून उठून हात धुवायचे आणि कोश उघडून दाखवायचे. आई म्हणायची, आधी भात संपवा, मग अरबस्तानात जा.

पुढे कळलं, की जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जन्म 1795 चा. जॉर्ज आणि थॉमस कॅंडी या जुळ्या भावांना मदतीला घेऊन आणि शब्द गोळा करायला शास्त्रीमंडळी बसवून त्याने 1831 मध्ये मुंबईत कोशाची पहिली आवृत्ती काढली. नंतर इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला, पण तो अर्ध्यावर सोडून त्याला मायदेशी परतावं लागलं. ते काम थॉमस कॅंडीने 1847 मध्ये तडीस नेलं. मोल्सवर्थ पुन्हा आला आणि 1857 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, जवळपास साठ हजार शब्दांची. लोकांनी त्याला ‘मोलेसरशास्त्री’ करून टाकलं होतं. साहेबाला शास्त्री म्हणणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मराठीतल्या एकेका शब्दाला ज्याने ‘तू कुठला?’ म्हणून विचारलं, त्याला ‘तू कुठला?’ असं आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मला तो प्रश्न पडला तो मिरजेत, मामांच्या घरी. मामा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. सुट्टीत त्यांच्याकडे गेले असताना कसलासा शब्द अडला, म्हणून मी विचारलं, ‘मामा, मोल्सवर्थ आहे का?’ ‘नसेल कसा!’ म्हणत त्यांनी पेटीतून एक खिशात मावेल असं आडवं पुस्तक काढलं. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेले, पानांना सिमेंटचा करडा रंग. आत शब्द नव्हतेच. तुळयांची सूत्रं, पाण्याचा विसर्ग, रुळांची वळणं, दगडी बांधकामाची कोष्टकं. हा मोल्सवर्थ निराळा, गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ. त्याने 1862 च्या सुमारास अभियंत्यांसाठी हे खिसापुस्तक काढलं आणि पुढे हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार अभियंता झाला. मामांच्या लेखी खरा मोल्सवर्थ हाच. दादांचा मोल्सवर्थ त्यांना ठाऊकच नव्हता, आणि दादांना मामांचा. दिवाळीला दोघं भेटले तेव्हा यावर चांगलीच जुंपली.

एवढं दुर्मीळ आडनाव आणि दोन वेगळे लोक आमच्या एकाच गोतावळ्यात दोन पुस्तकं होऊन बसलेले. मग मी त्या आडनावाच्या मागे लागले. नोकरी भाषांतराची, त्यामुळे ग्रंथालयात बसायला निमित्त लागत नसे.

गाव आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात, पूर्वीच्या हंटिंग्डनशरमध्ये, आता केंब्रिजशरमध्ये मोडणारं मोल्सवर्थ. अगदी लहान. विजेत्या विल्यमने 1086 मध्ये जी जमिनीची मोठी मोजदाद करवली, त्या डूम्सडे पुस्तकातही ते नोंदलेलं आहे. मूल नावाच्या कुणा सॅक्सन माणसाने तिथे जागेला कुंपण घातलं, त्यावरून हे नाव पडलं असं अभ्यासक सांगतात. त्या मूलबद्दल आणखी काही कळत नाही, आणि कळायची आशाही नाही.

गावावरून पडणाऱ्या आडनावांची एक गंमत आहे, ती आम्हा कोकणातल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. माझं माहेरचं आडनाव बांदेकर. आमच्या पणजोबांच्याही आधी कुणीतरी बांदा सोडून घाटावर आला, आणि आला म्हणून बांदेकर झाला. बांद्यात राहणाऱ्याला बांदेकर म्हणून ओळखायचं कुणी? तिथे तर सगळेच बांद्याचे. एकदा गोव्याला जाताना दादांनी हट्टाने बांद्याला उतरायला लावलं. बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराला मोठ्या अभिमानाने सांगितलं, ‘आम्ही बांदेकर.’ त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, ‘ता आडनाव झाला. गाव खंयचो तुमचो?’ दादांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी काजू घेतले.

इंग्लंडातही तेच. मोल्सवर्थ सोडून पाच-पंचवीस मैलांवर जो जाऊन राहिला, तो ‘मोल्सवर्थचा अमुक’ झाला. नॉर्मन लोक आल्यानंतरच्या दोन-तीन शतकांत ही नावं घट्ट झाली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. गाव लहान, तिथून बाहेर पडणारी माणसं थोडी, त्यामुळे आडनावही विरळ. शिवाय तेव्हा स्पेलिंग म्हणजे लिहिणाऱ्या पाद्र्याची मर्जी. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे. उत्तरेकडच्या एखाद्या वहीत मोल्सवर्थ सापडला, तर तो नक्की कुठल्या गावचा, हे ठरवताना जाणकारही चाचपडतात. थॉमस क्रॉमवेलने 1538 मध्ये प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. सामान्य माणसाचा माग काढायचा तर तिच्यापासून सुरुवात. एकेका आडनावाच्या अशा नोंदी जमवत आयुष्य घालवणाऱ्या हौशी मंडळींची इंग्लंडात 1979 पासून संघटनाही आहे. नकाशावर 1881 च्या जनगणनेतले ठिपके मांडून कुठलं आडनाव कुठे साचलंय ते पाहायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. आपल्याकडे असं कुणी बसलं तर कुलदैवतावरूनच पहिली तीन वर्षं भांडणं होतील.

पण ठिपके मोजून हाती येतात ती माणसं. मोल्सवर्थ नाव जगभर पसरलं ते माणसांच्या संख्येने नव्हे, हे मला डब्लिनमध्ये लख्ख दिसलं.

मुलगी तिथे नोकरीला लागली आणि मी तिच्याकडे राहायला गेले. पहिल्याच फेरफटक्यात एका कोपऱ्यावरच्या पाटीवर मोल्सवर्थ स्ट्रीट. मी थबकले तशी मुलगी म्हणाली, ‘आई, तुझा कोश!’ रस्ता आखूड आणि रुंद. एका बाजूला फ्रीमेसन लोकांचं जुनं सभागृह, टोकाला हॉटेल, आणि थेट समोर लिन्स्टर हाउस, म्हणजे आयर्लंडची संसद. दारावर कुणीतरी फलक घेऊन घरभाड्याविरुद्ध घोषणा देत होतं आणि पोलीस कंटाळून उभे होते. या जमिनी मोल्सवर्थ घराण्याच्या. रॉबर्ट मोल्सवर्थ 1716 मध्ये आयर्लंडचा व्हायकाउंट झाला. त्याआधी तो इंग्लंडचा वकील म्हणून डेन्मार्कच्या दरबारी होता आणि परत येऊन 1694 मध्ये त्याने डेन्मार्कवर असं पुस्तक लिहिलं, की तिथला राजा संतापला. त्याच्या वारसांच्या काळात या शेतांवर रस्ते आणि घरं उठली. त्याचा एक मुलगा रिचर्ड रामिलीच्या लढाईत, 1706 मध्ये, मार्लबरोच्या ड्यूकला स्वतःचा घोडा देऊन त्याचा जीव वाचवणारा.

आता योगायोग बघा. न्यूझीलंडची संसद आहे वेलिंग्टनमध्ये, आणि तिचाही रस्ता मोल्सवर्थ स्ट्रीट. तो मात्र दुसऱ्या शाखेचा. कॉर्नवॉलमध्ये पेन्कॅरो नावाच्या वाड्यात राहणारे हे मोल्सवर्थ. त्यांच्यातला पहिला सरदार हेंडर जमेकाचा गव्हर्नर होता. म्हणजे घराण्याच्या वैभवात गुलामांच्या घामाचाही वाटा असणार, हे विसरायचं कारण नाही. नाव गाजलं ते सर विल्यमचं. हा जहाल मताचा खासदार. तत्त्वज्ञ हॉब्जचं समग्र लेखन त्याने 1839 ते 1845 या काळात सोळा खंडांत छापून काढलं. कैद्यांना जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या पद्धतीविरुद्ध समिती नेमली गेली तिचा अध्यक्ष तोच. शेवटी 1855 मध्ये वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच, पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. टास्मानियात मोल्सवर्थ आहे, व्हिक्टोरियात मोल्सवर्थ आहे, आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ नावाचा सरकारी मालकीचा पशुपालनाचा मळा आहे, एक लाख ऐंशी हजार हेक्टरांचा, त्या देशातला सगळ्यांत मोठा. हे सगळं एका लहानशा गावच्या नावाचं पीक. पेन्कॅरोच्या बागेत चिलीहून आलेलं एक काटेरी झाड लावलं, तेव्हा एक पाहुणा म्हणाला की यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. इंग्रजीत त्या झाडाला ‘मंकी पझल’ म्हणतात ते तेव्हापासून, असं सांगतात. रस्ते, गावं, मळे यांपेक्षा मला या घराण्याची ही कामगिरी जास्त आवडते.

म्हणजे आडनाव फिरतं ते पदव्यांच्या आणि जहाजांच्या जोरावर. चर्चच्या वहीतल्या मोल्सवर्थांच्या नावे कुठे गल्लीही नाही. अपवाद म्हणावा तर रॉचडेलचा. त्या आयरिश घराण्याच्याच एका फांदीतले जॉन मोल्सवर्थ लॅंकशरमधल्या रॉचडेलला 1839 मध्ये पाद्री म्हणून आले. रॉचडेल म्हटलं की आपल्याकडच्या सहकारवाल्यांचे कान टवकारतील. 1844 मध्ये विणकऱ्यांनी ते सुप्रसिद्ध सहकारी दुकान काढलं ते तिथेच. जॉनचा मुलगा विल्यम नासाउ हाही पाद्री, इतिहासकार, आणि त्या चळवळीच्या सुरुवातीच्या पाठीराख्यांपैकी. आणि त्याचा सख्खा भाऊ कोण? मामांच्या पेटीतला गिल्फर्ड. हे मामांना कळवायला हवं होतं, पण ते तोवर राहिले नव्हते. वारणेच्या साखर कारखान्याचे भागधारक होते ते. खूश झाले असते.

इंग्लंडमधल्या साठी-सत्तरीच्या माणसासमोर मात्र मोल्सवर्थ म्हणा, तो यांतल्या कुणाचंच नाव घेणार नाही. तो हसेल. जेफ्री विलन्सने 1953 मध्ये एका शाळकरी पोराच्या तोंडून पुस्तक लिहिलं, रोनाल्ड सर्लने चित्रं काढली, आणि नायजेल मोल्सवर्थ अजरामर झाला. हा पोरगा शाळेचा कट्टर शत्रू आणि त्याचं एकही स्पेलिंग धड नसतं. मी ते पुस्तक मुलीच्या शेजारणीकडून आणून वाचलं आणि हसून पुरेवाट झाली. एकाच आडनावाखाली इकडे कोशकार आणि तिकडे शुद्धलेखनाचा खून करणारा! दादांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘आमच्या वर्गात असे चाळीस मोल्सवर्थ होते.’

मूळ गावाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानतळ झाला. अमेरिकन बॉम्बफेकी विमानं तिथून जर्मनीवर जात. 1980 मध्ये ठरलं, की अमेरिकेची अणुबॉम्बवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ग्रीनहॅम कॉमनला आणि मोल्सवर्थला ठेवायची. युद्धविरोधी माणसं येऊन तळाच्या जमिनीवर तंबू ठोकून बसली, त्यांनी तिथे प्रार्थनेसाठी छोटं चर्चही बांधलं. फेब्रुवारी 1985 मध्ये एका रात्रीत सैन्याच्या इंजिनिअर तुकड्या आणि पोलीस आले, माणसं हटवली आणि मैलोगणती काटेरी तार ओढली. संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन सैनिकी जॅकेट घालून पाहणीला आले, त्यावरून त्यांची भरपूर टिंगल झाली. दोन वर्षांनी रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी अशी क्षेपणास्त्रं हटवण्याच्या करारावर सह्या केल्या आणि 1988 मध्ये क्षेपणास्त्रं गेली. तळ राहिला.

हे वाचत होते तेव्हा मला आपला मोल्सवर्थ आठवल्यावाचून राहिला नाही. कारण त्यानेही धर्मश्रद्धेपायी फौजेची नोकरी सोडली होती. ख्रिस्ताचं नाव घ्यायचं आणि तलवार बांधायची, हे त्याला पटेना. त्याच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत छापून झाली त्याच 1857 साली, त्याने सोडलेल्या कंपनीच्या फौजेत उत्तरेकडे आग भडकली होती.

हा कोश आता शिकागो विद्यापीठाने संगणकावर ठेवला आहे आणि मुलगी तिकडून फोनवरच शब्द बघते. एस, पी, ए, एच तिथेही जागच्या जागी आहेत. दादांना मी फौजेची हकीकत सांगितली तेव्हा ते पंच्याऐंशीच्या पुढे होते. ऐकून घेतलं, थोडं थांबले आणि म्हणाले, ‘बरं झालं सोडली. राहिला असता तर फार तर कर्नल झाला असता. कर्नल काय, पुण्याला पैशाला पासरी.’