बाबांचा फाल्गुनराव आणि आईचा डीव्हीडी प्लेअर

आमच्या मयेत काय, अख्ख्या डिचोली तालुक्यात काय, देवाच्या उत्सवाला गावच्याच मंडळींनी मराठी नाटक करायचं ही जुनी रीत. दिवसा कोण खाणीवर, कोण कुळागरात, कोण शाळेत मास्तर. रात्री तोंडाला रंग लागला की सगळे नट. आमचे बाबा देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनराव करायचे. नव्वदच्या दशकातल्या एका प्रयोगाची व्हीएचएस कॅसेट घरात होती. बाबा गेले; व्हीसीआर त्यांच्याही आधी गेला होता.

गेल्या चवथीला भावाने ती कॅसेट डिजिटल करून आणली. लॅपटॉपवर छान चालली. पण आईला लॅपटॉप नको, मोबाइलवर तिला दिसत नाही. तिचा जुना डीव्हीडी प्लेअर, पुढे यूएसबीचं तोंड असलेला. त्याचा रिमोट तिला अंधारातही पाठ. "माझ्या टीव्हीवर लावून दे," एवढंच तिचं म्हणणं.

पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर 'नो यूएसबी'. मग घरातच संशयकल्लोळ! भावाचा संशय प्लेअरवर, भाच्याचा पेन ड्राइव्हवर, आईचा आम्हा सगळ्यांवर.

मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला. असले जुने प्लेअर बहुधा फक्त फॅट३२ ओळखतात. कपाटातला ८ जीबीचा जुना ड्राइव्ह त्या पद्धतीचा होता; त्यावर एक भजन टाकलं, लगेच वाजलं. म्हणजे प्लेअर ठणठणीत. पण नाटकाची फाइल त्यावर जाईना. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, जागा कितीही असो. आमची ५ जीबीच्या वर. म्हणून अंकांप्रमाणे तुकडे केले.

आता नावं दिसली, पण 'फॉरमॅट नॉट सपोर्टेड'. भाच्याने फाइलच्या शेवटचं एमकेव्ही खोडून एव्हीआय लिहून पाहिलं. बरणीवरची चिठ्ठी बदलून लोणच्याचा मुरंबा होत नाही! आतलं चित्र एच.२६४ पद्धतीने दाबलेलं, आणि हा प्लेअर त्याच्या आधीच्या, डिव्हएक्स-एक्सव्हिडच्या पिढीतला. एव्हिडेमक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं. चित्र एक्सव्हिडमध्ये, मापं डीव्हीडीचीच, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, आणि डबा एव्हीआय. चित्र आलं, आवाज नाही! आवाज एएसीमध्ये होता. तो एमपी३ केला. देवनागरी नावांचे नुसते चौकोन दिसत होते, म्हणून फाइलींना ०१, ०२ असे आकडे दिले. सगळं मिळून २ जीबीच्या आसपास बसलं.

आणि फाल्गुनराव बोलायला लागले.

मला वाटलं होतं आई रडेल. ती रडली नाही. ती बाबांकडे फारसं बघतच नव्हती. "हार्मोनियमवर कोण बसलाय बघ. तो पडदा ओढणारा, त्याची बायको माझ्याबरोबर तळ्यावर यायची. आणि ही रेवती झालेली..." एकेक माणूस ती ओळखत गेली. त्यातली निम्मी आता नाहीत, आणि कॅसेटच्या खोक्यावर एकाचंही नाव नाही. मी वही घेतली, आई थांब म्हणाली की थांबवायचं आणि लिहायचं. पहिल्या अंकालाच दोन संध्याकाळी लागल्या. मध्ये लाइट गेली तेव्हाही ती सांगतच होती.

तुमच्याही माळ्यावर अशी कॅसेट असेल. आपल्या पावसाळी हवेत त्या फितीला बुरशी धरते, तेव्हा लवकर उतरवून घ्या. मूळ मोठी फाइल पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा. प्लेअरसाठी वेगळी प्रत करा. आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जमेल त्याच यंत्रावर लावून द्या. वही जवळ असू दे. आमच्या वहीत आतापर्यंत एकवीस नावं झालीत, तिसरा अंक अजून बाकी आहे.