चोरखिसा

मराठी भाषेत ‘चोरखिसा’ हा मोठा गमतीदार शब्द आहे. तो खिसा चोराचा नसतो. चोरापासून पैसे वाचावेत म्हणून शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेला असतो. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील जुन्या व्यापाऱ्यांच्या बंडीला आतल्या बाजूने असा एक खिसा हमखास असे. माझी आजी आठवडी बाजाराला निघताना पैशांची तीन ठिकाणी वाटणी करी. सुटी नाणी पदराच्या गाठीला, बाजारापुरत्या नोटा कनवटीला आणि उरलेली रक्कम पोलक्याच्या आत शिवलेल्या लहानशा पिशवीत. ही वाटणी ती घरीच करी, बाजारात कधी नव्हे. एकदा ती झाली, की आजी निर्धास्तपणे भाव करी, ओळखीच्या बायकांशी बोले, मेथीची जुडी निरखून घेई. पैशांची काळजी तिने घरीच मिटवलेली असल्यामुळे तिचे डोळे बाजार पाहायला मोकळे असत.

आपल्या जिल्ह्याला गर्दी नवी नाही. शेगावचा प्रकटदिन आणि ऋषिपंचमी, 12 जानेवारीचे सिंदखेड राजा, होळीच्या सुमारास भरणारी सैलानीची यात्रा, देऊळगाव राजाच्या बालाजीची आश्विनातील यात्रा, या सर्व ठिकाणी माणसांचा पूर लोटतो. तेथे निघालेल्या सुनेला ‘गळ्यातले काढून ठेव’ आणि मुलाला ‘पाकीट मागच्या खिशात नको’ असे घरातील कोणीतरी वडीलधारे सांगतेच. एस.टी.मध्ये चढताना आपला एक हात आपोआप खिशावर जातो. ही सावधगिरी आपल्याला कोणी शाळेत शिकवलेली नाही. ती अंगवळणी पडलेली आहे.

परंतु तेच कुटुंब परदेशच्या विमानात बसले, की ही सवय मागे राहते. आता खामगाव, चिखली, मलकापूर अशा गावांतूनही पुष्कळ जैन कुटुंबे युरोपच्या सहलींना जातात. शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण नसलेल्या जेवणाची चौकशी आपण दहा वेळा करतो. पैसे कुठे ठेवायचे याचा विचार मात्र विमानतळावर सुरू होतो. तेथे पोहोचल्यावर स्वच्छ रस्ते, नम्र माणसे आणि शिस्तीत चालणारी वाहने पाहून मन सैल पडते. चोरी ही गरिबीचीच सोबतीण आहे असे आपण मनाशी धरून चाललेलो असतो. जिथे गरिबी दिसत नाही, तिथे चोरही नसेल असा आपला समज होतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. 10 एप्रिल 2013 रोजी पॅरिसचे जगप्रसिद्ध लूव्र संग्रहालय उघडलेच नाही. पाकीटमारांच्या टोळ्यांचा उपद्रव असह्य झाल्यामुळे तेथील कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले होते. 22 मे 2015 रोजी याच कारणासाठी आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवले आणि पर्यटकांना तासन् तास ताटकळावे लागले. रोममध्ये तेर्मिनी स्थानकापासून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी 64 क्रमांकाची बस आणि बार्सिलोना शहरातील ला राम्ब्ला हा रस्ता पाकीटमारांसाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहेत. ज्या गोष्टी पाहण्यासाठी आपण आयुष्याची पुंजी खर्च करून जातो, तेथेच हे लोक उभे असतात. कारण त्यांना आपला खिसा लागतो आणि आपले लक्ष त्या वेळी वर, शिखराकडे किंवा चित्राकडे लागलेले असते.

त्यांची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. हे काम सहसा एकट्याचे नसते. एक जण तुम्हाला थांबवतो, दुसरा गर्दी करतो, तिसरा हात घालतो आणि वस्तू लगेच चौथ्याच्या हाती देतो. थांबवण्याच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. कोणी मूकबधिरांच्या मदतीसाठी म्हणून कागद पुढे करून सही मागते. पॅरिसच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांजवळ कोणी मैत्रीचा धागा म्हणत मनगटाला दोरा गुंडाळू लागते. कोणी रस्त्यावर सापडलेली ‘सोन्याची’ अंगठी तुमचीच का म्हणून विचारते. कोणी कोटावर काही सांडवते आणि तत्परतेने पुसायलाही येते. मेट्रोचे दार बंद होण्याच्या क्षणी झालेली रेटारेटी हीही त्यातलीच. ‘पाकीटमारांपासून सावध’ असा फलक वाचताच माणसाचा हात नकळत पाकिटाकडे जातो. पाळतीवरच्या चोराला तेवढी खूण पुरते.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका गटासोबत इटलीला गेलो होतो. गटात मेहकरकडच्या एक आत्याबाई होत्या. त्या कोणा एकाच्या आत्या. पण दोन दिवसांत सर्वांच्या आत्याबाई झाल्या. वय पासष्टीच्या पुढचे, विमानप्रवास पहिलाच. जून महिना होता. रोममध्ये सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळत असल्याने सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची घाई नव्हती, म्हणून सायंकाळी सर्वजण मेट्रोने शहर पाहायला निघाले. डब्यात चढताना दोन मुली मध्येच अडखळल्या, मागून धक्का आला आणि दार बंद झाले. पुढच्या स्थानकावर आत्याबाईंच्या लक्षात आले, की खांद्यावरच्या पर्सची चेन उघडी आहे. आतला बटवा गेला होता. त्यात नातींसाठी काही घ्यायला साठवलेले तीनशे युरो होते, वाचायचा चष्मा होता आणि त्यांची रोजची जपमाळ होती. पासपोर्ट पुतण्याकडे असल्यामुळे वाचला.

खरा प्रसंग त्यानंतर सुरू झाला. ‘पर्स पुढे धरा म्हणून सांगितले होते ना?’ ‘आत्याबाई, तुमचे लक्ष कुठे असते?’ ‘इतके पैसे सोबत घ्यायचेच कशाला?’ प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला. त्यांपैकी कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. पण त्या वयस्क बाईंची मान उत्तरागणिक खाली जात होती. दुसऱ्या दिवशी कोलोसियम पाहायचे होते. ‘गुडघा दुखतो आहे, तुम्ही जाऊन या,’ म्हणून त्या हॉटेलातच राहिल्या. मी त्यांच्यासोबत थांबले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘पैशांचे काही नाही ग. पैसे पुन्हा मिळतील. पण सगळ्यांपुढे मी अडाणी ठरले.’

त्या रात्री जेवताना गटातील एका तरुण अभियंत्याने सहज सांगितले, की आदल्या वर्षी बार्सिलोनात त्याचाही फोन भर दुपारी हातोहात गेला होता. हसतील म्हणून ही गोष्ट त्याने घरीसुद्धा सांगितली नव्हती. मग पलीकडून एका डॉक्टरांनी आपली हकीकत सांगितली, त्यानंतर आणखी एका काकूंनी. शिकलेली, फिरलेली, चाणाक्ष माणसे! आत्याबाई ऐकत होत्या. पुतण्या त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘आत्या, उद्या फ्लॉरेन्सला माझ्यासोबत चल.’ दुसऱ्या दिवशी त्या उतरल्या, चालल्या आणि नातींसाठी दोन लहान पर्स घेऊन आल्या. बटवा परत मिळाला नाही. पण त्यांची सहल त्यांना परत मिळाली. चोराने नेले ते तीनशे युरो. कोलोसियम मात्र त्यांना आपल्याच प्रश्नांमुळे मुकावे लागले, हे मला अजूनही विसरता येत नाही.

म्हणून तयारी दोन प्रकारची हवी. पहिली वस्तूंची. आजीची तीन ठिकाणांची वाटणी आजही तशीच लागू पडते. दिवसभराच्या किरकोळ खर्चाचे पैसे वेगळ्या लहान पाकिटात असावेत आणि बाजारात तेवढेच पाकीट बाहेर निघावे. मोठी रक्कम आणि पासपोर्ट कपड्यांच्या आत, अंगालगतच्या पिशवीत किंवा चोरखिशात असावा. सर्व कुटुंबाचे पासपोर्ट एकाच्याच पिशवीत नसावेत. दोन बँक कार्डे असतील तर ती दोघांकडे असावीत. पासपोर्ट आणि व्हिसाची छायाचित्रे ई-मेलवर आणि एक छापील प्रत बॅगेत ठेवावी. पर्स पुढे, तिची चेन आपल्या बाजूला, आणि चेनीला एक साधी सेफ्टी पिन. ती पिन उघडायला लागणारा क्षणभराचा वेळ पाकीटमाराकडे नसतो. उपाहारगृहात पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवू नये. दुकानात कपडे घालून पाहताना ती खुंटीवर आणि पैसे देताना पिशव्या पायाशी सोडू नयेत. हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळी टेबलावर फोन ठेवून ताट वाढून आणायला जाणे, हीही चोराला दिलेली संधीच आहे.

फोनची काळजी आता पाकिटापेक्षा अधिक घ्यावी लागते. फेब्रुवारी 2024 पासून आयफेल टॉवरचे तिकीटही भारतीय पर्यटकांना यूपीआयने काढता येऊ लागले. म्हणजे फोन हेच आपले पाकीट आणि तिजोरी झाले आहे. त्याला पक्के कुलूप असावे आणि यूपीआयचा पिन त्यात कुठेही लिहिलेला नसावा. फोनवर *#06# दाबले असता दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक घरच्या वहीत उतरवून ठेवावा. तक्रार देताना तो लागतो. नुसते टेकवून चालणाऱ्या कार्डावर आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. ही सोय आणि परदेशातील व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद-चालू करता येतात, मर्यादाही घालता येते. हे काम निघण्यापूर्वी मुलांच्या किंवा नातवंडांच्या मदतीने करून घ्यावे.

एवढे करूनही चोरी झालीच, तर क्रम ठरलेला असावा. आधी बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि फोन गेला असेल तर सिमकार्डही. मग जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. विम्यासाठी आणि दूतावासासाठी ती लागतेच. आणीबाणीचा 112 हा क्रमांक सर्व युरोपीय संघात चालतो, आणि आपल्या देशातही तोच आहे, त्यामुळे तो लक्षात ठेवणे सोपे. पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावास तातडीचे प्रमाणपत्र देऊ शकतो. परंतु त्यावर केवळ भारतात परतता येते, पुढची सहल करता येत नाही. पासपोर्टाला पैशांपेक्षा अधिक जपायचे ते याचसाठी.

दुसरी तयारी मनाची. सावधपणा वेगळा आणि संशय वेगळा. सावध माणूस दुसऱ्याच्या वागण्याकडे पाहतो. संशयी माणूस त्याच्या चेहऱ्याकडे, कपड्यांकडे आणि जातीकडे. युरोपात गेलेले आपले लोक विशिष्ट पेहरावाच्या बायका दिसल्या, की त्यांच्याकडे चोर म्हणून बोट दाखवतात. आपल्या महाराष्ट्राने या बोट दाखवण्याचा परिणाम पाहिला आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली त्या कायद्यातून त्या मुक्त झाल्या, पण शिक्का मनांतून गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने, ज्याला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ही वेदना मराठी वाचकांपुढे ठेवली. ते वाचलेल्याला कोणत्याही परक्या बाईला नुसत्या दिसण्यावरून चोर म्हणवणार नाही. पर्स पुढे धरावी, चेन लावावी. तेवढ्यासाठी कोणाचा अपमान करण्याची गरज नसते.

खरेदीच्या बाबतीतही एक गोष्ट जपावी. रस्त्याच्या कडेला कोणी महागडा फोन किंवा घड्याळ निम्म्या किमतीत दाखवतो, तेव्हा तो बहुधा दुसऱ्या एखाद्या आत्याबाईंच्या पर्समधूनच आलेला असतो किंवा नकली असतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’ आहे, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नेही चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. घेणारे हात थांबले, तर चोरणाऱ्या हातांचे कामही कमी होईल.

आता सुट्यांचे दिवस जवळ येतील, कोणाकोणाच्या घरी बॅगा भरल्या जातील. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून पैशांची, कार्डांची आणि कागदांची वाटणी करावी. गावातल्या शिंप्याकडून प्रत्येकाच्या कपड्याला आतून चेन असलेला एक चोरखिसा शिवून घ्यावा; त्याला फार खर्च येत नाही. आणि त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून टाकावी. प्रवासात कोणाचे काही गेलेच, तर ‘तुझे लक्ष कुठे होते?’ असे घरातील कोणीही त्याला विचारायचे नाही.